"करतो की सर" म्हणजे नेमकं कधी?

रिझल्ट लागले की आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत नवीन पोरंपोरी दिसायला लागतात, नवी बॅग, कडक इस्त्री, फाईलमध्ये सगळी सर्टिफिकेटं. मी टॉवेलच्या एक्स्पोर्टमध्ये १२ वर्षं काम करतीय आणि दरवर्षी यातल्या एकदोघांना शिकवायचं काम माझ्याकडे येतं. पहिल्याच दिवशी प्रत्येकजण हळूच एकच गोष्ट विचारतो, मॅडम माझं इंग्लिश कच्चंय, चालेल का?

मला ह्या प्रश्नाचं खरंच वाईट वाटतं. शहराच्या पूर्वभागात वाढलेलं पोरगं घरी तेलुगू बोलतं, शाळेत मराठी, शेजारच्या काकूंशी कन्नड आणि विजापूर वेशीत गेलं की हिंदी, आणि कुणाशी कोणत्या भाषेत किती अदबीनं बोलायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं तरी बरोबर जमतं. एवढं येणाऱ्याला दहा ओळींचा मेल लिहिणं अवघड नाही, सहा महिन्यांत येतं. अडतं ते दुसरीकडेच.

अडतं ते "करतो की सर" ह्याच्यावर. आपल्या सोलापुरात हे तीन शब्द किती गोड वाटतात, करतो की, बघतो की, देतो की. घरात, मित्रात ठीक आहे. पण ऑफिसात समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही, तुला काम समजलंय का, कधी करणार, काही अडचण आहे का. आणि बऱ्याचदा "करतो की" म्हणणाऱ्याला काम नीट समजलेलंच नसतं, परत विचारायची भीती वाटते म्हणून तो हो म्हणून मोकळा होतो.

मीही तेच केलं होतं. पहिल्या वर्षी साहेबांनी फोनवर सॅम्पलचं सांगितलं, ७० बाय १४० सेंटिमीटर, साडेचारशे जीएसएम. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. मी शेडजवळ उभी, मागे लूम चालू, मला ऐकू आलं साडेपाचशे. शंका आली होती मला, खोटं कशाला सांगू, पण नवीन होते, परत विचारलं तर काय म्हणतील म्हणून "हो सर" म्हटलं. सॅम्पल विणून कुरिअरनं बायरकडे पोचलं आणि तिकडून मेल आला की हे आम्ही मागितलंच नव्हतं. हिशोब करून बघा, साडेचारशेचा टॉवेल भरतो ४४१ ग्रॅम आणि साडेपाचशेचा ५३९, म्हणजे एका टॉवेलमागे ९८ ग्रॅम सूत जास्त. हेच १०,००० नगांच्या ऑर्डरला झालं असतं तर जवळजवळ एक टन सूत. सॅम्पलवरच कळलं म्हणून निभावलं, पण वेळ गेला तो गेलाच.

त्यानंतर मला कुणी शिकवलं असेल तर आमच्या शेडमधल्या मास्तरांनी. शिक्षण सातवी, मातृभाषा तेलुगू, आणि त्यांना काहीही सांगा, ते तुमच्याकडे बघून पूर्ण परत म्हणून दाखवणार, "साडेचारशे, सत्तर-एकशेचाळीस, पांढरा, बॉर्डर डॉबी, बुधवारी सकाळी. बरोबर?" लूमच्या आवाजात हो-हो करून चालत नाही, चुकीचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढला की माल गेला, म्हणून त्यांच्या पिढीला ही सवयच लागलेली. पुढे एका ट्रेनिंगमध्ये हेच लॅपटॉपवर स्लाईड लावून शिकवलं तेव्हा मला मास्तर आठवले. म्हणून सांगते, काम सांगितलं की आपल्या शब्दात परत म्हणा, आणि कळलं नसेल तर "सर, जीएसएमचा आकडा परत सांगता का" असं विचारा. नुसतं "कळलं नाही" म्हटलं तर समोरचा पहिल्यापासून सुरू करतो आणि वैतागतो, नेमका कोणता तुकडा कळला नाही ते सांगितलं तर कुणी रागावत नाही, निदान मी तरी बघितलं नाही.

आता वाईट बातमीचं. मागच्या वर्षी एका नवीन मुलाला गुरुवारी दिसलं की नेव्ही ब्लूचा एक लॉट फिका आलाय. त्याने सांगितलं सोमवारी. चार दिवस तो मनात झुरत होता, जेवला नाही नीट, आणि त्या चार दिवसांत सूत परत डाय होऊन आलंसुद्धा असतं. मी त्याच्यावर ओरडले नाही, त्याला शेजारी बसवून तोच मेसेज परत लिहून घेतला. आधी त्याने लिहिलं होतं, "सर डाईंगला थोडा प्रॉब्लेम आहे." मग आम्ही लिहिलं, "सर, नेव्ही ब्लूचा दुसरा लॉट अप्रूव्ह झालेल्या रंगापेक्षा फिका आहे, ६०० किलो. मास्तर म्हणतात परत डाय केला तर बुधवारी दुपारी मिळेल. कंटेनरची शेवटची मुदत (कट-ऑफ) शनिवारी आहे. घेऊ का डाईंगला? पाचच्या आत सांगितलंत तर आजच लागेल." काय झालं, किती, उपाय काय, तुमच्याकडून काय पाहिजे आणि कधीपर्यंत. साहेबांचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "घ्या."

बाकी बारीकसारीक. व्हॉट्सॲपवर नुसतं "हाय सर" टाकून वाट बघत बसू नका, काम त्याच मेसेजमध्ये लिहा. फोनवर काही ठरलं की दोन ओळींचा मेल टाकून ठेवा. मेलमध्ये तारीख ०५/०६ अशी कधीच लिहू नका, आपण ५ जून वाचतो आणि अमेरिकेतला बायर ६ मे वाचतो, महिना अक्षरात लिहा. "डू द नीडफुल" लिहू नका, काय करायचं ते लिहा. रिप्लाय ऑल दाबायच्या आधी सीसीमध्ये कोण कोण आहे बघा, कधीकधी बायर असतो त्यात आणि आपण आतले रेट लिहून बसतो.

आणि शेडमधल्या माणसांना मेसेज टाकून जबाबदारी संपली असं समजू नका, हे मला फार मनापासून सांगायचंय. "मेसेज टाकला होता की" हे मी दर महिन्याला ऐकते. तिथं मशीनवर उभ्या माणसाचा फोन खिशात असतो नाहीतर डब्याच्या पिशवीत. चालत जा, अण्णा म्हणा, मास्तर म्हणा, समोर उभं राहून सांगा.

सोमवारी दोघं जॉईन होतायत, एक नवी पेठेतली मुलगी आणि एक मुलगा मोहोळहून अप-डाऊन करणार आहे. त्यांना आधी केबिनमध्ये बसवून प्रेझेंटेशन दाखवायचं ठरलं होतं. मी साहेबांना म्हटलं, त्याआधी तासभर मास्तरांकडे पाठवू या, साडेनऊला.

"साडेनऊ, शेडमध्ये, दोघांना," साहेब म्हणाले, "बरोबर?"