ओ-पेअरचं वर्ष आणि एका कागदाची वाट: माझा अनुभव

जर्मनीला ओ-पेअर म्हणून, म्हणजे एका कुटुंबात (होस्ट फॅमिलीत) राहून त्यांची मुलं सांभाळायला, निघालेल्या मुली मला फोन करतात तेव्हा त्यांचे सगळे प्रश्न मुलांबद्दल असतात. मुलं ऐकतात का, रडली तर काय करायचं, स्वयंपाक किती करावा लागतो. मला मात्र सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते परदेशी नागरिकांच्या कार्यालयाबद्दल, ज्याला तिथे आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात. मुलांशी पंधरा दिवसांत गट्टी जमते. त्या कार्यालयाने माझा अख्खा हिवाळा खाल्ला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

व्हिसापर्यंतचं सांगण्यासारखं फारसं काही नाही. वय 27 च्या आत हवं, जर्मनची ए1, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळी हवी, होस्ट फॅमिलीबरोबरचा सही केलेला करार हवा. हे सगळं होतं, व्हिसा आला, मी गेले. पोहोचल्यावर दोन आठवड्यांत राहण्याचा पत्ता नोंदवायचा असतो, म्हणजे आनमेल्डुंग. तुम्ही त्यांच्या घरी राहता असं होस्ट फॅमिलीने सहीनिशी लिहून द्यायचं आणि पासपोर्ट घेऊन जायचं. ते काम सकाळी अर्ध्या तासात झालं.

घर चांगलं होतं. मोठी मुलगी सहा वर्षांची, धाकटा तीनचा. सकाळी दोघांचे डबे भरायचे, मोठीला शाळेत आणि धाकट्याला किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, सोडायचं, मग मी भाषेच्या वर्गाला. दुपारी दोघांना आणायचं, पाऊस नसेल तर मैदानावर, असेल तर घरात कागद-कात्री. 11 नोव्हेंबरला तिथे मुलं हातात कंदील घेऊन गाणी म्हणत मिरवणुकीत चालतात, त्याचे कंदील आम्ही तिघांनी मिळून आठवडाभर चिकटवले होते. संध्याकाळी ब्रेड, चीज, काकडी, मग मुलं झोपायला. कामाचे तास आठवड्याला 30 च्या वर जाता कामा नयेत आणि दिवसाला सहाच्या वर नाहीत, हा नियम आहे. माझ्या होस्ट आईने तो स्वतःहून पाळला. तरीही तुम्ही पहिल्या दिवसापासून तास वहीत लिहून ठेवा. वाद होण्यासाठी नाही, वाद होऊ नये म्हणून. हातखर्च महिन्याला 280 युरो आणि भाषेच्या वर्गासाठी वेगळे 70 युरो, आजारपणाचा आणि अपघाताचा विमा त्यांच्याकडून. हे करारात लिहिलेलं असतं, तरी एकदा समोर बसून दोघांनी वाचावं.

आता मुख्य गोष्ट. काही मुलींना व्हिसाच पूर्ण मुदतीचा मिळतो. मला तो डिसेंबरपर्यंतचा मिळाला होता. पुढच्या महिन्यांसाठी तिथल्या तिथे राहण्याचा परवाना काढायचा, आणि तो देतं हे कार्यालय. व्हिसा संपण्याआधी अर्ज करायचा, एवढं मला पक्कं माहीत होतं. मी ऑक्टोबरमध्येच ऑनलाइन अर्ज भरला. करार, विम्याचं पत्र, वर्गाची नावनोंदणी, पासपोर्टची पानं, सगळं जोडलं. लगेच एक आपोआप येणारा ईमेल आला: तुमचा अर्ज मिळाला, आम्ही संपर्क करू, कृपया चौकशी करू नका, त्याने काम लांबतं.

मग काहीच नाही. नोव्हेंबर गेला. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यायची तर कॅलेंडरमध्ये एकही रिकामी जागा दिसेना. फोन आठवड्यातले ठरावीक तासच चालू, आणि त्या तासांत तो कायम व्यस्त. होस्ट आईने तिच्या ऑफिसातून फोन लावून पाहिला, तिलाही कोणी उचलला नाही. ईमेल पाठवला की तोच आपोआप येणारा ईमेल परत. किटामधून घरी आलं की धाकट्याला टपालपेटी उघडायची फार हौस. किल्ली त्याच्या हातात द्यायची, तो पेटी उघडायचा, आत माझ्या नावाचं काही नसायचं. त्याला वाईट वाटायचं आणि मला त्याची समजूत घालावी लागायची.

डिसेंबरमध्ये व्हिसाची तारीख उलटली. पासपोर्टात आता फक्त संपलेला व्हिसा. मी प्रत्यक्ष कार्यालयात गेले, होस्ट वडील बरोबर आले. दारावरच्या सुरक्षारक्षकाने अपॉइंटमेंटचा कागद मागितला. तो नव्हता. होस्ट वडिलांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं, त्यांची स्वतःची भाषा, त्यांचाच देश, तरी त्यांनाही उत्तर एकच: अपॉइंटमेंटशिवाय आत नाही. आणि अपॉइंटमेंट कुठून घ्यायची? वेबसाइटवरून. त्या दारात उभं राहून मला जो संताप आला तो आजही तसाच आठवतो. मी सगळं वेळेत केलं होतं. माझ्याकडून काही राहिलं नव्हतं. तरी रस्त्यात पोलिसाने पासपोर्ट मागितला तर दाखवायला काही नाही, ही अवस्था.

नवीन वर्षाला घरचे ऑस्ट्रियात बर्फावर जाणार होते, मीही जाणार होते. मुलीने माझ्यासाठी स्वतःचे जुने हातमोजे बाजूला काढून ठेवले होते, मला बसणार नाहीत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी गेले नाही. सीमेवर तपासणी झाली तर काय दाखवणार? ते दिवस मी रिकाम्या घरात काढले, आणि ओ-पेअरचं वर्ष वाढवून मिळत नाही, पुन्हाही करता येत नाही, हे तेव्हा सारखं डोक्यात होतं. जास्तीत जास्त बारा महिने. त्यातला जो वेळ वाट पाहण्यात जातो तो परत कोणी देत नाही.

वाट मोकळी झाली ती वर्गातल्या एका मैत्रिणीमुळे. तिने विचारलं, तू युगेंडमिग्रात्सिऑन्सडीन्स्टला गेलीस का? ही 12 ते 27 वर्षांच्या, बाहेरून आलेल्या तरुणांसाठीची सल्लाकेंद्रं आहेत, खूप गावांत असतात आणि सल्ला मोफत असतो. ओ-पेअर मुली वयाने त्यात बसतात, पण आम्हाला हे कोणीच सांगितलेलं नव्हतं. तिथल्या बाईंनी माझा ऑक्टोबरचा तो आपोआप आलेला ईमेल वाचला आणि म्हणाल्या, हाच तुझा पुरावा. मग कायद्याचं पान उघडून दाखवलं.

हे सगळ्यांनी नीट लक्षात ठेवावं. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम 81, पोटकलम 4: राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे आमच्यासारखा लांब मुदतीचा व्हिसा, संपण्याआधी अर्ज केला असेल, तर कार्यालयाचा निर्णय होईपर्यंत आधीचा परवाना चालू आहे असंच धरलं जातं. म्हणजे डिसेंबरनंतरचा माझा एकही दिवस बेकायदा नव्हता. आणि त्याच कलमाचं पोटकलम 5: अर्जाचा हा परिणाम सांगणारं प्रमाणपत्र अर्जदाराला द्यायचं. त्याला फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग म्हणतात. कार्यालयाची मर्जी, त्यांचा मोकळा वेळ, भेटीची जागा यांचा त्यात प्रश्न येत नाही. तो हक्काचा कागद आहे. पण नाव घेऊन मागितल्याशिवाय तो मला कोणी दिला नाही. मी इतके दिवस ‘माझ्या परवान्याचं काय झालं’ असं विचारत होते. विचारायला हवं होतं ते या कागदाचं.

त्या बाईंनी लहानसं पत्र लिहिलं. अर्जाची तारीख, व्हिसा संपल्याची तारीख, कलम, आणि ‘कृपया प्रमाणपत्र टपालाने किंवा जवळच्या भेटीच्या वेळी द्यावे’ ही विनंती. माझी सही घेतली आणि ते फॅक्सने पाठवलं. हो, फॅक्सने. तिथल्या सरकारी कार्यालयांत फॅक्स अजून चालतो, आणि पाठवल्याची पावती हातात राहते. त्याच आठवड्यात भेटीची वेळ आली. जी खिडकी सबंध हिवाळाभर माझ्यासाठी बंद होती तिच्यासमोर मी बसले, 13 युरो भरले आणि घडीचा कागद घेऊन बाहेर पडले. समोरची बाई अगदी सौजन्याने वागली. म्हणूनच जास्त लागलं. जे काम एवढं सोपं होतं ते ऑक्टोबरमध्ये का झालं नाही, याचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं.

कागद मिळाला की खिडकीसमोरच उघडून बघा. आत चौकटी असतात, त्यातली पोटकलम 4 ची चौकट भरलेली हवी. पोटकलम 3 ची भरली असेल तर देशाबाहेर जाऊन त्या कागदावर परत येता येत नाही. चूक दिसली तर तिथेच बोला, घरी येऊन ईमेल लिहू नका.

अर्ज ऑनलाइन असेल तर शेवटच्या पानाचा फोटो आणि आलेला ईमेल दोन्ही जपा. ईमेल आलाच नाही, तर अर्जाची छापील प्रत आइनश्रायबेनने, म्हणजे रजिस्टर्ड टपालाने पाठवा. तारखेचा पुरावा नसेल तर कलमाचा काही उपयोग नाही.

पत्ता नोंदवल्यावर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं एक पत्रही तुमच्या नावाने येतं, हे सांगायचं राहिलं. घाबरू नका आणि फेकूनही देऊ नका. वर्गणी एका घराला एकदाच असते. होस्ट फॅमिली ती भरत असेल तर त्यांचा वर्गणी क्रमांक लिहून उत्तर पाठवायचं, झालं. कर क्रमांकाचंही पत्र येतं, अकरा आकडी. तो आयुष्यभर तोच राहतो, फाइलला लावून ठेवा.

परवान्याचं कार्ड पुढे वसंतात आलं. त्याचे 100 युरो. हाताचे ठसे आधी देऊन झाले होते, कार्ड बर्लिनला छापून येतं, त्याला काही आठवडे लागतात. कार्ड हातात आल्यावर मी मुलांना घेऊन सीमेपलीकडे एका दिवसाच्या सहलीला गेले, होस्ट आईने स्वतः गाडी चालवली. कोणी कार्ड विचारलं नाही. मला ते कोणाला तरी दाखवायचं होतं, म्हणून मोठीला दाखवलं. तिने फोटो नीट पाहिला आणि सांगितलं की तू यात हसत नाहीस. हसायचं नसतं, नियम आहे, मी म्हटलं.

निघताना आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद रद्द करणं, विसरू नका. घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून ते नंतर दोन आठवड्यांपर्यंत ते करता येतं, पण विमानात बसल्यावर कोण करणार? आधीच करा आणि शिक्क्याचा कागद घ्या. बँकेचं खातं बंद करायला मला तोच लागला.