राजहंसगड ब्राँझमध्ये: तिसरी ओत

बेळगावजवळच्या येळ्ळूरचा डोंगर, म्हणजे राजहंसगड, या खेपेला मापात धरायचा नाही, हे ठरवूनच मेण तापवायला घेतलं. (आधी मेणाचा नमुना, त्यावर मातीचा साचा; मेण वितळवून काढलं की त्या पोकळीत ब्राँझ ओतायचं.) पहिल्या दोन ओती नकाशाबरहुकूम केल्या होत्या. त्यांत राजहंसगड कसला, चादरीला पडलेली चुणी दिसत होती. शिवारात उभं राहिलं की गड असतो त्याहून उंच वाटतो, आणि धातूत उतरवायचा तो हाच. म्हणून उंची अडीच पट केली, आडवं माप तेच ठेवलं. तिथल्या एका काकांना मेणाचा नमुना दाखवला. म्हणाले, "हां, आत्ता गड दिसला बघ."

दुसरी ओत खाचरांनी बुडवली होती. वजन वाचवायला पाठ, म्हणजे मागचा पत्रा, दोन मिलिमीटरचीच ठेवली, धातू वाटेतच थिजला आणि भाताच्या खाचरांत भोकं पडली. आता पाठ चार मिलिमीटर, आणि धातू आत जायला दोन वाटा जास्त. वाटांसकट मेण भरलं ३१० ग्रॅम. ब्राँझ मेणाच्या नऊ-दहा पट जड, म्हणून मुशीत साडेतीन किलो घातलं: तांबं ९० टक्के, कथील १०. तांबं १०८५ अंशांना वितळतं, कथील २३२ लाच. त्यामुळे कथील शेवटी टाकायचं, नाहीतर ते जळून वर मळी होऊन येतं.

साच्याला खानापूरकडची माती, शेण आणि भाताचं तूस. आतला थर फडक्यातून गाळलेल्या मातीचा, बारीक बांध त्यातच उठतात. आषाढात साचा वाळवणं म्हणजे मात्र शिक्षाच. बारा दिवस चुलीच्या वर टांगला होता (घरच्यांची बोलणी वेगळी). ओल राहिली की वाफ होऊन धातू उसळतो, त्यामुळे घाई केली नाही.

खाचरं सगळी आली! पण माथ्यावर, तटाच्या बुडाशी खड्डा पडला. उंची वाढवली तसा डोंगर आतून भरीव झाला. जाड भाग सगळ्यात शेवटी थिजतो, आकसतो, आणि वरून भर घालायला रायझर, म्हणजे जादा धातूचा साठा, मी ठेवलाच नव्हता. आता मेणाचा डोंगर पाठीमागून पोखरून घेणार.

रंगाला फेरिक नायट्रेट, गरम करून ब्रशनं. तांबडी माती छान उठली. खाचरं घासून उघडी ठेवली, पाणी चमकावं म्हणून.

काकांना खड्डा दिसलाच नाही. बोटानं आपलं शेत शोधलं आणि म्हणाले, "ह्यात पण शेजाऱ्यानं बांध आत सरकवलाय की रे!"