नवीन गाडीला पैसे मिळतात, जवानांच्या आरोग्य तपासणीला का नाही?

फायर ब्रिगेडच्या बजेटचा विषय निघाला की सगळ्यांना नवी गाडी, उंच शिडी हेच दिसतं, आणि ते हवंच, पण त्या गाडीत बसणाऱ्या माणसाचं काय? 2022 मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आग विझवण्याचं काम थेट ग्रुप 1 मध्ये टाकलं, म्हणजे या कामामुळे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं. मूत्राशयाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा (बहुतेकदा फुफ्फुसांच्या आवरणाला होणारा कॅन्सर) यांचा पुरावा तर अगदी ठोस आहे. मेसोथेलिओमा बहुतेकदा अ‍ॅस्बेस्टॉसमुळे, म्हणजे जुन्या इमारतींत सापडणाऱ्या तंतुमय खनिजामुळे, होतो आणि कित्येकदा वीस-तीस वर्षांनी, म्हणजे रिटायर झाल्यावर कळतो, त्यामुळे तपासणी नोकरीपुरती ठेवून चालतच नाही.

आणि हार्टचं वेगळंच. गाढ झोपेतून अलार्मला उठायचं, अंगावर जड सूट, पाठीवर सिलेंडर, भयंकर उष्णता, घामाने शरीरातलं पाणी कमी... अशा वेळी आधीपासून लपलेलं ब्लॉकेज जीव घेऊ शकतं. बीपी, शुगर, ईसीजी, फुफ्फुसांची टेस्ट दरवर्षी झालीच पाहिजे.

ट्रेनिंगचंही तेच, एकदा भरतीच्या वेळी झालं की संपलं असं नसतं. काजळी कपड्यांवर, मानेवर बसते, त्वचेतून आत जाते, म्हणून आग विझल्यावरही मास्क लगेच काढायचा नाही, सूट तिथेच धुवायचा, हे अंगवळणी पडेपर्यंत करून घ्यावं लागतं. त्यासाठी दुसरा सूट लागतो, ट्रेनर लागतो, बदली माणसं लागतात. हा खर्च बजेटमध्ये वेगळा, कायमचा लिहा ना, उरलं तर देऊ असा नको.