वापांगो, आठवडा सहावा: चौथी मात्रा सुटेना

मेक्सिकन संगीतकार मोंकायोची 'वापांगो' ही वाद्यवृंदाची रचना मी सॅम्पल, म्हणजे वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सुटे आवाज, जोडून उभी करतोय. मागच्या नोंदीत तिची सुरुवात जमली असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. सूर जागेवर होते, पण चाल शाळेच्या कवायतीची.

दोष माझ्या तबल्याच्या हाताचा. सहा मात्रा दिसल्या की हात दादरा धरतो, तीन-तीन, आणि चौथीवर वजन आपोआप पडतं. 'वापांगो' ज्यावर बेतलंय त्या 'सोन हारोचो'मध्येही, म्हणजे मेक्सिकोतल्या वेराक्रूझच्या लोकसंगीतातही, मात्रा सहाच, पण तीन-तीनच्या जोडीला दोन-दोन-दोनही चालतं. कधी पाठोपाठ, कधी एकाच वेळी. वजन 1 आणि 4 वर, नाहीतर 1, 3, 5 वर. मी मेट्रोनोम 1 आणि 4 वर लावून बसलो होतो, त्यामुळे व्हायोलिनचे 3 आणि 5 घसरल्यासारखे वाटायचे. आता टिकटिक फक्त समेवर ठेवली. डावा हात मांडीवर दोन, उजवा टेबलावर तीन. गणितात ही आपली दीडपटच, दोनच्या वेळात तीन, पण आपल्याकडे दीडपट करून समेवर आलं की दाद मिळते. तिथे कुणी ती करून दाखवत नाही, तीच रोजची चाल आहे. एवढं हातात उतरायला चार संध्याकाळी गेल्या.

मोंकायो आणि दुसरा संगीतकार ब्लास गालिंदो वेराक्रूझमधल्या आल्व्हारादो गावी जाऊन लोकांकडून चाली टिपून आले. त्यातल्या सिकिसिरी, बालाहू आणि गाविलान्सितो इथे आहेत. संगीत-संचालक (कंडक्टर) कार्लोस चावेझ यांनी हे पहिल्यांदा वाजवून घेतलं ते 15 ऑगस्ट 1941 ला. तारीख पाठ करावी लागली नाही.

तिकडच्या मेळात हार्प, हाराना नावाची छोटी गिटार आणि लाकडी फळीवर नाचणाऱ्यांचे पाय. वाद्यवृंदात हार्प राहिली, पण हाराना नाही. माझ्या कानाला तिची वर-खाली छेड तंतुवाद्यांतच ऐकू येते. मी मात्र तिथे लांब, गुळगुळीत गजाचे सॅम्पल लावले होते! सगळे काढून आखूड घातले, आणि लगेच जीव आला. गुइरोचं, म्हणजे खाचा पाडलेल्या, काडीने घासायच्या वाद्याचं सॅम्पल फारच मिळमिळीत निघालं, म्हणून किसणीवर पेन्सिल ओढून स्वतःच रेकॉर्ड केलं. धुऊन जागेवर ठेवायची, या अटीवर मिळाली होती.

मधला संथ भाग अजून उघडलेला नाही.

शेवटाकडचे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे सवालजवाब मात्र छळतायत. सोनमध्ये एक गाणारा ओळ टाकतो, दुसरा उचलतो, तेच हे. माझा ट्रॉम्बोन दर वेळी उशिरा तोंड उघडायचा. 40 मिलिसेकंद आधी आणला, तर आता तो ट्रम्पेटचं वाक्य पुरं होऊ देत नाही.