कॅम्पिंगसाठी कोयता शोधताना

पहिला सुरा मी फोटो बघून घेतला, हे आधीच कबूल करतो. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, मूठ पोकळ आणि बुडाशी चक्क होकायंत्र. भोरकडे मित्राच्या शेतावर आम्ही तंबू टाकतो, तिथे वाळका बांबू फोडायला काढला आणि तिसऱ्या घावाला पातं मुठीतून सुटून थेट गवतात, नशीब समोर कोणी नव्हतं. उचलून बघतो तर मुठीच्या आत पात्याचं जेमतेम इंचभर शेपूट, तेपण नुसतं चिकटवलेलं.

मग मित्राकडचा ऊसतोडीचा कोयता वापरून पाहिला. पातळ आणि रुंद, घाणेरी सपासप निघते, पण वाळक्या बाभळीवर मारला की उसळतो आणि धार वळते. अजून एकाने ब्राझीलची १८ इंची माचेटी, म्हणजे लांब पातळ पात्याचा कोयता, आणलेली, तिची पण तीच कथा, झुडपांना झकास पण लाकूड फोडायला अंगात वजनच नाही.

शेवटी पोलादपूरकडे जाताना रस्त्यालगत लोहाराची भट्टी दिसली म्हणून थांबलो. म्हटलं, मामा, एक चांगला मोठा कोयता द्या. ते म्हणाले, "तोडायचंय काय ते सांगा आधी." मी म्हटलं सरपण, बांबू, थोडी झाडी. मग त्यांनी ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा काढला. पातं १० इंच, टोक पुढे वाकलेलं, म्हणजे फांदी ओढून घेता येते. पाणी देऊन फक्त धार कडक केली, पाठ मऊच ठेवली, म्हणाले सगळं कडक केलं तर थंडीत गाठीवर मारलात की तडकेल. शेपूट बाभळीच्या मुठीतून आरपार काढून मागे वाकवलं. ते वाकवलेलं टोक बघूनच माझा जीव भांड्यात पडला.

नेण्या-आणण्याचं मात्र सांभाळा. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे हत्यारांत धरतात, घरकाम-शेतीसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलीयत, पण पुण्यात कोयता गँगच्या बातम्यांनंतर नाक्यावर हे समजावत बसायची हौस कोणाला आहे! मी गोणपाटात गुंडाळून डिकीच्या तळाशी ठेवतो. आणि हरिश्चंद्रगडाकडे अजिबात नेत नाही, अभयारण्य आहे ते, तिथे तोडायचंच काही नसतं.

धारेला सायकलच्या ट्यूबचं आवरण केलंय, घरी आलो की पुसून खोबरेल लावतो नाहीतर दोन दिवसांत तांबेरा. पावसात मूठ फुगली होती, आता सुकून जरा हलतेय. दिवाळीआधी मामांकडे जाऊन ठोकून आणायचीय, तोवर सरपण कुऱ्हाडीनेच.