तुम्ही विचारलंत म्हणून: आईला किंडल घेतलं ते बरं केलं का?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय, परवा जिन्यात शेजारच्या काकांनीही थांबवून विचारलं, की आता वाचताना डोळ्यांना त्रास होतो तर किंडल (पुस्तकं वाचायचं ते हातात मावणारं यंत्र) घेऊ का सरळ ऑडिओबुकच, म्हणजे कुणीतरी वाचलेलं ऐकायचं पुस्तक, लावू, तुझ्या आईने दोन्ही वापरलंय ना. हो, वापरलंय. जिन्यात नीट सांगता आलं नाही म्हणून आता सविस्तर लिहिते.

माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि आयुष्यभर तिने रोज रात्री झोपायच्या आधी वाचलंय. २०१७ मध्ये तिला काचबिंदूचं निदान झालं. त्याआधी वर्षभर ती म्हणत होती की ओळ संपली की पुढची ओळ कुठे सुरू होते तेच सापडत नाही, आणि आम्ही म्हणत होतो चष्म्याचा नंबर वाढला असेल. (घरात कुणाला असं होत असेल तर चष्म्याच्या दुकानात नका नेऊ, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.) मग ती ओळीखाली फूटपट्टी धरून वाचायला लागली. पण जुन्या पुस्तकांची पानं पिवळी पडलेली, शाई फिकट, आणि या आजारात फिकट अक्षर आधी दिसेनासं होतं, त्यामुळे पट्टी धरूनही जमेना.

२०१८ च्या दिवाळीत मी किंडल आणलं. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या शेवटी आली, त्याआधी आणून तिच्यासाठी उपयोगच नव्हता. याचा स्क्रीन मोबाइलसारखा नसतो, आत अगदी बारीक कॅप्सूल असतात त्यात काळे-पांढरे कण, विजेने ते वरखाली होतात आणि अक्षर उमटतं, एकदा उमटलं की पान बदलेपर्यंत तसंच राहतं, त्याला वीज लागत नाही. म्हणून चार्जिंग आठवडे टिकतं आणि गॅलरीत उन्हात बसूनही स्वच्छ दिसतं. पण आईसाठी खरी गोष्ट एकच होती, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. पहिल्या रात्री तिने ते इतकं मोठं केलं की एका ओळीत तीनच शब्द बसले, आणि पट्टी न घेता दीड तास वाचत बसली. मी दारातून बघत होते. नुसत्या त्या एका रात्रीसाठी सुद्धा मी ते परत विकत घेईन.

आता तोटे. अक्षर एवढं मोठं केलं की दर पाच-सहा सेकंदांनी पान उलटावं लागतं, आणि तिची बोटं कोरडी म्हणून स्क्रीनला स्पर्श कळायचाच नाही कधीकधी. मराठी पुस्तकं आहेत पण तिला हवी असलेली जुनी पुष्कळशी नाहीत. ती पीडीएफमध्ये सापडतात, राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने तर कितीतरी फुकट दिलीयत आणि ते मोठंच काम आहे, पण स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो, त्यात अक्षर मोठं केलं की पान स्क्रीनबाहेर जातं आणि प्रत्येक ओळीला डावीउजवीकडे सरकवत बसावं लागतं. आणि आईला सगळ्यात लागलेलं म्हणजे पुस्तक आवडलं तर मैत्रिणीला देता येत नाही. तिच्या पुस्तकांवर पहिल्या पानावर कुणाकुणाला दिलं त्याची नावं पेन्सिलने लिहिलेली असायची. इथे आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचायची परवानगी घेतो. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत दिले, पण पुस्तक न विचारताच गेलं.

२०२१ पर्यंत किंडलवरचं मोठं अक्षरही दिसेना, मग ऑडिओबुक. आधी मी फोनलाच वाचायला लावलं होतं, तो मशीनचा आवाज. तिला एक दिवस सहन झाला नाही. मराठीत जग म्हणजे दुनिया वेगळं आणि वर्षानुवर्षं जग असं म्हणतो तो ज वेगळा, त्या मशीनला हे कळत नव्हतं, आणि आई चाळीस वर्षं मुलांचे उच्चार सुधारत आलेली. माणसाने वाचलेली पुस्तकं मात्र तिने खूप ऐकली. स्टोरीटेल नावाच्या ऑडिओबुकच्या अ‍ॅपवर मराठी बऱ्यापैकी आहे. शिवाय ज्यांना छापील वाचताच येत नाही त्यांच्यासाठी सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ पासून, २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला म्हणून अशा लोकांसाठी पुस्तकं वेगळ्या रूपात आणता येतात, हे फार कमी घरांमध्ये माहीत असतं म्हणून मुद्दाम सांगतेय.

ऑडिओबुक म्हणजे वाचन का, असंही विचारतात. आई म्हणाली, पुस्तक कळतं गं, पण थांबता येत नाही. वाचताना ती एखाद्या वाक्यापाशी थांबायची, खिडकीबाहेर बघायची, तेच वाक्य परत वाचायची. ऐकताना आवाज पुढे जात राहतो, आणि पॉजचं बटण स्क्रीनवर, जे तिला दिसत नाही. शेवटी हाताला लागणारं उंच बटण असलेला छोटा स्पीकर आणला तेव्हा सुटलं. आता संध्याकाळी मेथी निवडताना आम्ही दोघी ऐकतो, मध्येच ती बटण दाबते आणि गावातल्या कुणाचीतरी आठवण सांगायला लागते, कधी अर्धा तास पुस्तक तसंच थांबलेलं असतं. हे आमच्यात आधी नव्हतं, ती एकटी वाचायची आणि मी माझ्या कामात असायचे.

तर काका, तुम्हाला समोरचं नीट दिसतं, फक्त बारीक अक्षर त्रास देतं असं म्हणालात, तर माझं मत किंडल, आणि ऑडिओ अजून नको. पण लगेच विकत घेऊ नका. आईचं कपाटात आहे, मी चार्ज करून ठेवलंय, तिची पुस्तकं आहेत त्यात. उद्या घेऊन जा, हवं तितके दिवस ठेवा.