नऊ दिवसांचा गुबारा

मावशी पोटावर हात धरूनच आत आल्या. मागे मुलगा, त्याच्या हातात घडी घातलेलं आहाराचं पत्रक. त्यावरच्या निळ्या खुणा माझ्याच, नऊ दिवसांपूर्वी केलेल्या.

"मॅडम, तुम्ही सांगितलं तस्संच करायलेय, एक दिस चुकले नाही. पण पोट लई फुगायलंय. रातच्याला तर डब्ब होतंय, ढोलावानी."

परभणीत आहारतज्ज्ञाच्या टेबलावर ही तक्रार नवी नाही. नवा आहार सुरू केलेल्या बऱ्याच जणांचं पोट पहिल्या पंधरवड्यात कुरकुरतं. ओवा खा, शतपावली करा, सवय होईल, असं सांगून आम्ही त्यांना वाटेला लावतो. त्या दिवशीही मी तेच सांगणार होते. तेवढ्यात मावशींच्या कपाळावर घाम दिसला. एप्रिलचा शेवट, बाहेर ऊन रणरणत होतं, त्यामुळे घाम कुणालाही आला असता. पण पत्रक पुढे करताना त्यांची बोटं थरथरत होती, आणि मी विचारलेला प्रश्न त्यांनी दोनदा परत विचारला. सकाळी काय खाल्लं? "काहीच नाही, पोटात जागाच नाही. पण गोळी घेतली बरं का, ती चुकवली नाही."

बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ५८, म्हणजे साखर फारच उतरलेली.

मुलगा बाहेर धावला आणि टपरीवरून दाट, गोड चहा घेऊन आला. कुणीही हेच केलं असतं. तेवढ्यात मी गोळ्यांची पाकिटं मागून घेतली. एकाच गोळीत मधुमेहाची तीन औषधं होती: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज. आपल्याकडे ही तिकडी सर्रास लिहिली जाते. तिसरं नाव वाचलं आणि चहा बाजूला ठेवायला सांगितला.

व्होग्लिबोज लहान आतड्यात पिठाचे आणि साखरेचे तुकडे होण्याची क्रिया मंद करतं, म्हणून जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. पण चहातली साखरही आधी फुटल्याशिवाय रक्तात जात नाही, आणि नेमकं तेच ही गोळी अडवते. अशा माणसाची साखर उतरली तर थेट ग्लुकोजच द्यावं लागतं. साधी, बिनचवीची ग्लुकोज पावडर, सपाट तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा सुई. ७४ आली. पुन्हा तेवढंच ग्लुकोज, पुन्हा पंधरा मिनिटं, ९६. तिथेच सोडून चालत नाही, कारण साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडचं काम दिवसभर चालू असतं आणि ग्लुकोज तासाभरात संपतं. मग वरण आणि अर्धी भाकरी खायला घातली, डॉक्टरांना बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवलं. ज्यांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा त्याच जातीचं अकार्बोज आहे त्यांच्या घरात ग्लुकोजचा डबा असायलाच हवा. हे त्यांना औषधाच्या दुकानातही कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

डॉक्टरांनी पोट तपासलं. ठोकल्यावर ठणठणीत आवाज आला, म्हणजे हवा. पाणी भरलं असतं तर आवाज बद्द आला असता. वारा सरत होता, शौचाला रोज होत होतं. उलटी नाही, ताप नाही, शौचातून रक्त नाही, आधीपासून वजन उतरत आलेलं नाही. हे प्रश्न कुणीही टाळू नयेत. पन्नाशीनंतर बाईचं पोट पहिल्यांदाच फुगायला लागलं आणि दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, तर आहाराला दोष देत बसू नये, सोनोग्राफी करून घ्यावी. घरी करण्याजोगी एक खूण आहे. बेंबीच्या रेषेत टेप लावून सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना मोजायचं. हवेचा गुबारा रात्री वाढतो आणि सकाळी उतरतो. सकाळीही तेवढाच राहत असेल तर कारण दुसरं आहे.

मावशींना वॉर्डात झोपवल्यावर मी ते पत्रक घेऊन बसले.

बाहेरच्यांना कल्पना नसते, पण आमचा निम्मा वेळ वाट्या मोजण्यात जातो. माझ्या ड्रॉवरमध्ये तीन मापांच्या वाट्या आणि पिठाचा एक काटा कायम असतो. 'एक वाटी' म्हणजे कुणाकडे दीडशे मिली, तर कुणाकडे आमटीची अडीचशेची. 'एक भाकरी' म्हणजे चाळीस ग्रॅम पिठाचीही असते आणि शंभर ग्रॅमचीही. मी टेबलावर तळहात ठेवून घेर दाखवायला लावते. मावशींची भाकरी ६० ग्रॅमच्या आसपास निघाली होती, दिवसाला तीन. पहिल्या भेटीत हे सगळं नीट लिहिलेलं होतं. गोळीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. चिठ्ठीवर 'मधुमेह, डाएट' एवढंच होतं आणि मी पाकीट मागितलं नव्हतं.

त्यांच्या जुन्या जेवणाचा हिशेब मांडला. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा (फायबर) असतो, म्हणजे तीन भाकऱ्यांतून १८. तुरीचं वरण, भाजी, शेंगदाण्याची चटणी धरून पंचविसाच्या आसपास. दोन हजार कॅलरींच्या आहारात साधारण ३० ग्रॅम असावा असं मानतात. म्हणजे ही बाई आधीपासूनच त्याच्या जवळ होती. आता नवा हिशेब. एक भाकरी कमी करून सकाळी ओट्स ४० ग्रॅम. कच्ची मोड आलेली मटकी मोठी वाटीभर, म्हणजे कोरडी ५० ग्रॅम. दोन्ही वेळा काकडी, गाजर, कांद्याची कोशिंबीर. दोन चमचे जवस पूड. रात्री राजमा. झोपताना दोन मोठे चमचे इसबगोल. बेरीज पन्नाशीच्या पुढे गेली. एका सोमवारपासून दुसरा सोमवार येईपर्यंत दुप्पट.

नुसता आकडाही फसवतो. ज्वारीचा चोथा बराचसा न विरघळणारा, तो फार आंबत नाही आणि फार वायू न करता पुढे जातो. मटकी आणि राजम्यात राफिनोज, स्टॅकिओज या साखरा असतात. त्या फोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाहीच. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांवर तुटून पडतात, त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, काहींच्या पोटात मिथेनही. कच्च्या कांद्यातला फ्रुक्टान, तीही न पचणारी साखरांची साखळीच, त्याच वाटेने जातो. भूक लागली की खायला सुनेनं बिनसाखरेची बिस्किटं आणली होती. पुड्यावर बारीक अक्षरात माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालायचा गोड पदार्थ, लिहिलेलं होतं. तेही अर्धवटच शोषलं जातं, बाकीचं आंबतं. दुपारी टरबूज होतंच, त्यातलं फ्रुक्टोजही सगळं शोषलं जाईल असं नाही. आणि या सगळ्यावर व्होग्लिबोज, म्हणजे भाकरीतलं पीठसुद्धा अर्धवट पचून जिवाणूंच्या हवाली. मेटफॉर्मिन सुरुवातीच्या आठवड्यांत पोटात गडबड करतं ते वेगळंच.

इसबगोलची खूण मला सगळ्यात जास्त टोचते. मावशींना बद्धकोष्ठ नव्हतंच. पत्रकात छापलेलं होतं म्हणून खूण केली. इसबगोल स्वतः फारसा वायू तयार करत नाही, पण त्याला चमच्यामागे पेलाभर पाणी लागतं, २०० ते २५० मिली. मावशी अर्ध्याच पेल्यात दोन चमचे कालवून घेत होत्या, कारण रात्री उठावं लागू नये. एवढ्या पाण्यात त्याचा लगदा होऊन तो पोटात बसून राहतो. औषधांपासूनही ते दोन तास लांब ठेवायला हवं, नाहीतर गोळी त्यात अडकते. मावशी ते रात्रीच्या गोळीसोबतच घेत होत्या.

गुबारा उतरावा म्हणून त्या रोज एक फसफसणारी पावडरही पीत होत्या. तिच्यात खायचा सोडा असतो. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून आणखी वायूच निघतो. ढेकर येतो, घटकाभर बरं वाटतं, पण मोठ्या आतड्यातली हवा जागची हलत नाही. शिवाय त्यातलं सोडियम रक्तदाबाच्या माणसाला परवडणारं नाही. ओवा, हिंग, जिरं यांना माझा विरोध नाही. त्यांनी मुरडा कमी होतो, पण जिवाणूंच्या पुढ्यात पडलेलं खाणं कमी होत नाही.

संध्याकाळी सुनेला बसवून मटकीचं सविस्तर सांगितलं, कारण पोट बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच बिघडतं आणि तिथेच सुधारतं. कडधान्य रात्रभर भिजवायचं, आमच्या उन्हाळ्यात सहा तास पुरे, मध्ये एकदा पाणी बदलायचं. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, आमटीत घालायचं नाही. त्या साखरा बऱ्याचशा त्या पाण्यातच उतरलेल्या असतात. मोड आले की आणखी कमी होतात. मग कुकरमध्ये बोटानं सहज चिरडेपर्यंत शिजवायचं. त्यांच्याकडे बोरचं जड पाणी. त्यात डाळ तासभर शिजवली तरी दाणा कडक राहतो, आणि अर्धवट शिजलेला दाणा म्हणजे जिवाणूंना मेजवानी. म्हणून घरात चिमूटभर सोडा टाकायची पद्धत. दाणा मऊ होतो हे खरं, पण ब-१ जीवनसत्त्व जातं. त्यापेक्षा शिजवायला प्यायचं जारचं पाणी वापरावं, एका वाटी डाळीला लागतं तरी किती?

सून म्हणाली, "पण कच्चंच खायचं असतं ना? मोबाइलवर तसंच दाखवतात." मोबाइलवाल्यांना मावशींचं आतडं ठाऊक नाही. कच्च्या मोडांत उन्हाळ्यात जंतूही झपाट्याने वाढतात.

आणि ओट्स! परभणीत ज्वारीवर संशोधन करणारं कृषी विद्यापीठ आहे, 'परभणी मोती' ही ज्वारीची जात इथलीच, जास्त लोह-जस्ताची 'परभणी शक्ती' २०१८ साली इथूनच आली. १०० ग्रॅमला चोथा ओट्स आणि ज्वारी दोन्हींत जवळपास सारखा. तरी मानवतजवळच्या खेड्यातली, जन्मभर ज्वारीवर वाढलेली बाई महागाचं पाकीट आणते, कारण आमच्या पत्रकात ते पहिल्या ओळीत आहे. भाकरीनंही साखर वाढते, ती मोजूनच खायला हवी. पण मोजायची म्हणजे सोडायची नव्हे.

डॉक्टरांनी व्होग्लिबोज बंद केलं आणि ग्लिमेपिराइड अर्ध्यावर आणलं. तो निर्णय त्यांचाच, रुग्णानं पोट फुगतंय म्हणून परस्पर गोळी सोडायची नाही. उलटही तितकंच महत्त्वाचं: जेवण जाणार नसेल तर साखर उतरवणारी गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. मी माझ्या बाजूनं पत्रकावरच्या सगळ्या खुणा खोडल्या. पहिला आठवडा दोन वेळा मोजकी भाकरी, सालाशिवायच्या मुगाचं वरण, शिजवलेला दोडका, भोपळा, पातळ ताक. कच्चं काही नाही. जेवण तीनऐवजी पाच वेळा, थोडं थोडं, सावकाश चावून, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात चालणं. पुढे दर आठवड्याला एकच नवी गोष्ट, चोथ्यात फार तर पाच ग्रॅमची भर. जिवाणूंची वस्ती नव्या खाण्याला सरावायला दोन ते चार आठवडे घेते. वहीत तीन रकाने: काय आणि किती खाल्लं, किती वाजता, पोट शून्य ते दहात किती फुगलं. वेळ महत्त्वाची. जेवता जेवताच फुगलं तर घाईनं गिळलेली हवा किंवा एकदम जास्त जेवण. चार-सहा तासांनी फुगलं तर मोठ्या आतड्यातलं आंबणं.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, पोट उतरलंय. पंधरा दिवसांनी मावशी स्वतः आल्या, वही घेऊन. दहातले आठ होते ते दोनावर. साखरही काबूत.

"मॅडम, नेमकं कशानं फुगलं हुतं?"

मला सांगता आलं नाही. गोळी आणि मटकी, इसबगोल आणि बिस्किटं, सगळं एकाच संध्याकाळी थांबवलं होतं. त्या दिवशी तसंच करणं भाग होतं, पण त्यामुळे दोष कुणाचा किती हे कायमचं झाकलं गेलं. व्होग्लिबोजचा वाटा मोठा असावा असं माझं मन सांगतं. मग आठवतं की गोळी आणि माझ्या खुणा दोन्ही एकाच आठवड्यातल्या.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. आमचं ऐकत नाहीत ते पत्रकातलं निम्मं सोडून देतात, आणि त्यांच्या शरीराला आपोआप सवड मिळते. मावशींनी शब्द न् शब्द पाळला. 'सगळं जमेल का?' असं मी विचारलं होतं. 'जमंल' असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

आता नव्या पत्रकावर प्रत्येक ओळीपुढे तारखेची मोकळी जागा ठेवलेली आहे, आणि सगळ्यात वर गोळीचं नाव लिहायची चौकट. मावशींच्या पत्रकावर जवस पूड एक चमचा, तारीख घातलेली. शिजवलेली मटकी दोन चमचे, तारीख घातलेली. राजम्यापुढची जागा अजून कोरी आहे.